डावी बाजू

नीलांबरीबाईंनी दिवा वीतभर आणखी सरकवला आणि खुर्चीत बसून आरशात पाहिलं. आता ठीक होतं. चेहऱ्याची डावी बाजू उजेडात, उजवी सावलीत. आयुष्यभर कॅमेऱ्याला त्यांनी डावीच बाजू दिली होती.

एडिसन गावातल्या या घरात वर्षभरात पाहुणा म्हणून कुणी फिरकलं नव्हतं. रेणू गेल्यापासून घर मुकंच झालं होतं. रेणू त्यांची जन्माची सोबतीण. सिनेमा सोडून बाई अमेरिकेत आल्या, तेव्हाही ती बरोबर होती. फोनसुद्धा तीच घ्यायची. आता बाई फोन उचलतच नसत. सिनेमावर पीएच.डी. करणाऱ्या यशशीही सगळं ईमेलवरच ठरलं होतं. फोटो काढायचा नाही, ही त्यांची अट त्याने लगेच मान्य केली, याचं बाईंना जरा वाईटच वाटलं.

भीती एकच होती. एवढी वर्षं जपलेली नीलांबरी या पोरासमोर उघडी पडायला नको.

बेल वाजली. यश आला तो मोना नावाच्या मैत्रिणीचा हात धरून. बाईंनी मानेनेच आत बोलावलं. पठ्ठ्या घरातही गॉगल काढेना. मोनाने खुर्चीपर्यंत आणून बसवलं, तेव्हा कुठे हात सुटला. काय ही आजकालची पोरं!

"मी ओक ट्री रोडवर ग्रोसरी करून येते," म्हणून मोना गेली.

"चहा घेणार?" बाईंनी विचारलं.

यशचा चेहरा एकदम पडला. बाईंना वाटलं, पोस्टरवरची नायिका शोधत आला आणि दिसली म्हातारी, दुसरं काय!

"नंतर घेतो, काकू."

"काकू नाही म्हणायचं. काकूचे रोल मी पडद्यावरही केले नाहीत."

तो हसला, रेकॉर्डर लावला. बाई खुलल्या. आईच्या भूमिका कशा धुडकावल्या, नावडते फोटो फोटोग्राफरच्या डोळ्यांदेखत कसे फाडले, सगळं भरात असताना पस्तिशीतच काम कसं थांबवलं. मुलाखती द्यायच्या त्या फक्त लेखी. रेडिओवर तर कधीच नाही.

"थोडं गूढ राहायला हवं रे."

"आणि डबिंग?"

"तेव्हा स्टुडिओत मी, रेणू आणि रेकॉर्डिस्ट. चौथं माणूस नको. कॉन्सन्ट्रेशन लागतं."

यश मान कलती करून ऐकत होता. बाईंकडे मात्र बघत नव्हता. समोरच्या मोठ्या फोटोकडेसुद्धा नाही. शेवटी बाईंना राहवेना.

"इतकी वाईट दिसते का रे मी? एकदाही वर बघितलं नाहीस."

"सॉरी, मेलमध्येच लिहायला हवं होतं. मला दिसत नाही. जन्मापासून."

बाईंनी दिव्याकडे पाहिलं आणि त्यांना हसूच फुटलं. कितीतरी वर्षांनी त्या ऐसपैस टेकून बसल्या. उजवी बाजू उजेडात आली, तरी त्यांना काही वाटलं नाही. या पोरापासून लपवण्यासारखं काही नव्हतंच.

"मग माझे पिक्चर रे?"

"सगळे ऐकलेत. लहानपणी, आजीच्या शेजारी बसून. पाठ आहेत मला." यशने चाचपडत रेकॉर्डर बंद केला. "आवाज म्हातारा होतो हो, पण दुसऱ्याचा होत नाही." मग अगदी हळू त्याने विचारलं, "मी ज्यांना भेटायला आलो, त्या कुठे आहेत?"