कालव्यावरची खिडकी

स्वस्त विमानानं शनिवार-रविवारपुरत्या आलेल्या मंडळींना वाउट गेंट शहर फुकट दाखवायचा. शेवटी टोपीत पडेल ती त्याची कमाई. कालव्याकाठी थांबून तो वरच्या एका खिडकीकडे बोट करायचा. "समुद्रावर गेलेल्या नवऱ्याची वाट बघत एक बाई आजही तिथं उभी असते." गोष्ट त्यानंच रचलेली, पण टोपी भरायची.

आज घोळक्यात घरातल्या सपाता घातलेली एक म्हातारी होती. सगळे पांगल्यावर तिनं विचारलं, "तो नवरा परत येतो का रे कधी?"

"नाही, आजी."

"ती खिडकी माझ्या स्वयंपाकघराची आहे. लोक खालून माझ्याकडे बघत डोळे पुसतात. बटाटे सोलायची चोरी झालीय मला!"

वाउट ओशाळला. "बंद करतो ती गोष्ट."

"बंद नको करूस. पुढच्या शनिवारी त्याला परत आण. बघू तरी कसं वाटतं ते."