बरोबर आहे, सर

गळ्यावर वस्तरा फिरत असतानाच मिरजकर मास्तरांनी विषय काढला. "ते सरकारी नेट बंद करणार म्हणे. बरंच आहे! पोरं फुकटात नुसते व्हिडिओ बघत बसतात."

"बरोबर आहे, सर," मुरलीधर म्हणाला. तीस वर्षं तो प्रत्येक गिऱ्हाइकाला हेच म्हणत आला होता.

आरशावरच्या जनमत पेटीचा दिवा दोनदा लुकलुकला. कायद्यांसाठी आता सलूनमध्ये, बसमध्ये, कट्ट्यावर लोक जे बोलतील तेच अशा पेट्या ऐकत आणि मत म्हणून मोजत. सुरुवातीला सगळे जपून बोलायचे. आता पेटीकडे कोणी बघतही नसे.

आठ दिवसांनी सकाळीच नेट बंद झालं. दुपारी मुरलीधर जेवायला घरी आला, तेव्हा वैजयंता ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. त्याने दोनदा हाक मारली. तिने वळून पाहिलं नाही. बायकोचं कानामागचं ऐकण्याचं यंत्र त्याच नेटवर चालायचं, हे त्याला आत्ता कळलं.

त्याने खांद्याला हात लावताच ती दचकली. तिने मोबाइल त्याच्यापुढे धरला. नेट बंद करण्याच्या कायद्याचा निकाल घरोघरी एसएमएसने नावानिशी आला होता. 'मुरलीधर सपकाळ: पाठिंबा, एकवीस वेळा.'

"अगं, ते मी गिऱ्हाइकांना म्हणत होतो," तो कळवळून म्हणाला. "धंद्यात म्हणावं लागतं. माझं मत नव्हतं ते."

वैजयंता त्याच्या ओठांकडे बघत राहिली.

"काय म्हणताय?" तिने विचारलं. "जरा मोठ्यानं बोला ना."