पांढरा लेप

सम्राटाची दोन बाळं अंगावर पिती असतानाच गेली होती. त्यामुळे क्योतोच्या राजवाड्यात सातोको राणीला स्वतःच्या सावलीचाही भरवसा उरला नव्हता. तिसऱ्याने चांगलं बाळसं धरलं, तर तिला त्याचाही संशय आला. तिने पडद्याआडून पाहिलं. दरबारच्या रीतीप्रमाणे स्वतःच्या गळ्या-छातीला शोभेसाठी फासलेला पांढरा लेप दाई ओता बाळाला पाजण्याआधी चोरून पुसत होती!

"रीत मोडतेस? काय शिजतंय तुझ्या मनात?"

"राणीसाहेब, माझा बाप हाच लेप बनवायचा. शिसं असतं हो त्यात. त्याचे हात लुळे पडले. बाळाच्या पोटात कशाला..."

"थापा मारतेस? चालती हो!"

मग राणीने स्वतःच्याच छातीवर लेपाचा जाड थर चढवला आणि बाळाला कुशीत घेतलं.

"पी, माझ्या राजा. आता तुला कुणी काही करणार नाही."