कासुर्डी मागं पडली की

यवतहून हडपसरच्या कंपनीत जाताना शेखलाल रोज तिघांना गाडीत घ्यायचा आणि पेट्रोलचा खर्च वाटून घ्यायचा. जुने दोघं बसल्या बसल्या घोरायला लागायचे. नवी अक्षदा मात्र पापणी लववायची नाही. शेजारची पोर म्हणून बायकोनंच, रजियानं, ती गळ्यात मारली होती. पहिल्याच दिवशी डाव्या दारावरच्या ओरखड्यावरून हात फिरवून तिनं विचारलं, "मामा, हे कशानं झालं?"

"टेम्पोवाल्यानं घासलं," शेखलालनं घरी सांगितलं होतं तेच तिलाही सांगितलं.

अक्षदा आरशातून त्याच्याकडंच बघत बसायची. वाटेतलं कासुर्डी गाव मागं पडलं, की मोबाईल काढून काहीतरी लिहायची. रोज, नेमकं तिथंच.

शेखलालच्या मनात पाल चुकचुकली. खाजगी गाडीत पैसे घेऊन माणसं नेतो, हे ही आरटीओला कळवते की काय?

आज कासुर्डी मागं पडली, तिनं मोबाईल काढला, तशी त्यानं गाडी कडेला घेतली. "कुणाला कळवती गं रोज? आण तो हिकडं."

अक्षदानं निमूट मोबाईल पुढं केला. वर नाव होतं, रजियामामी. खाली रोजची एकच ओळ, "कासुर्डी गेली. मामा जागं हायेत."

तेवढ्यात त्याच्या हातातच मोबाईल वाजला. रजियाचा मेसेज होता, "आज का कळवलं न्हाई गं? तिथंच परत डुलकी लागली का त्यांना?"

मागच्या सीटवरून अक्षदानं हळूच विचारलं, "मामा, काय लिहू?"