संन्याशाला सुळी

बायकोला पुन्हा योनीत इन्फेक्शन झालं आणि गॅरेजवाल्या नवऱ्याने स्वतःच डॉक्टर असल्यासारखा निकाल देऊन टाकला. कपाटातून तिचा व्हायब्रेटर काढून त्याने पलंगावर आपटला. "असल्या वस्तू वापरल्यावर दुसरं काय होणार?"

"ये, बघ," म्हणत तिने तो उचलला आणि ती बेसिनपाशी गेली. तोही मागोमाग गेला.

"दर वेळी धुतेस?"

"आधीही आणि नंतरही. कोमट पाणी, साधा साबण. फक्त चार्जिंगच्या भोकात पाणी जाऊ द्यायचं नाही."

"आणि मग?"

"पूर्ण वाळवायचा. ओला ठेवला की जंतू धरतात. मग स्वच्छ सुती पिशवीत, एकटाच."

"बाप रे! एवढे लाड माझे नाही केलेस कधी," तो हसला. मग खरंच कोड्यात पडला. "पण हा एवढा स्वच्छ, तर रोग येतो कुठून?"

तिने त्याचा हात धरून दिव्याखाली नेला. नखांत दिवसभराचं काळं ऑइल साचलं होतं. तिने नळ सोडला आणि साबण त्याच्या तळव्यावर ठेवला.

"तो माझ्याजवळ येताना अंघोळ करून येतो."