बोडका नवरदेव

वेणूच्या लग्नाचा मुहूर्त टळून दोन तास झाले, तरी वऱ्हाडाचा पत्ता नव्हता. मग कुणीतरी बातमी आणली, की नवऱ्याची बैलगाडी कामोठ्यात जगन पाटलाच्या दारात उभी आहे. जगनची मुलगी याच नवऱ्याला आधी सांगून आली होती, हे साऱ्या पनवेलला ठाऊक होतं. वेणूचा भाऊ शिवा तसा विचारी माणूस. म्हणजे विचार एकदाच करायचा आणि पुन्हा त्याच्या वाटेला जायचं नाही. त्यानं मांडवाचा एक वासा उपटला आणि गावाबाहेर रस्त्यात जाऊन उभा राहिला.

गाडी आली. नवरदेव पुढ्यात बसलेला, डोक्याला ना फेटा, ना मुंडावळ्या. म्हणजे तिकडचं लगीन उरकून इकडे तोंड दाखवायला आलाय! शिवाला तेवढं पुरलं.

"शिवादादा, आधी आयकून तर घ्या," नवरदेव खाली उतरत म्हणाला.

"जगनच्या पोरीला सांग," म्हणत शिवानं पहिला तडाखा टाळक्यावरच हाणला. दुसरा बसला तेव्हा नवरदेव धुळीत आडवा होता आणि त्याच्या कानातून रक्त येत होतं. तिसऱ्यासाठी वासा उचलला, तेवढ्यात गाडीतल्या पेंढ्यावर कुणीतरी कण्हलं. शिवाचा सख्खा मामा. गुडघ्यापासून घोट्यापर्यंत त्याचा पाय जरीच्या फेट्यानं करकचून आवळलेला.

"माझी गाडी उलटली कामोठ्यात, जगनच्या दारातच," मामा म्हणाला. "रगत थांबंना, तवा या पोरानं डोईचा फेटा सोडून मला बांधला. शिवा, फेटा असता तर त्यो वाचला असता रं."