अर्धा काठ

मशीननं पुन्हा तेच सांगितलं: लिहिण्याची परवानगी नाही.

रुचिकानं कीबोर्ड मागे लोटला. बाबांची सगळी डिस्क तिच्यासमोर उघडी पडली होती. साड्यांच्या काठांचे नकाशे, फायलींची नावं, हवं ते वाचा. पण त्यात एक टिंब घालायचं म्हटलं तर डिस्क हात लावू देत नव्हती.

कॉम्प्युटर एक, पण आत बिऱ्हाडं दोन. चालू केला की विचारायचा, विंडोजमध्ये जाता की लिनक्समध्ये. लिनक्स रुचिकानं कॉलेजसाठी टाकलेलं. विंडोज बाबांचं, म्हणजे वामनरावांचं. हातमाग गेला तेव्हा हा माणूस रडत बसला नाही. काठाचे नकाशे कॉम्प्युटरवर काढायला शिकला आणि सक्करदऱ्याच्या दोन खोल्यांतला संसार त्यावर चालवला. ते नकाशांचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजमध्ये चालायचं, आणि विंडोजचा पासवर्ड होता वामनरावांच्या डोक्यात.

वामनराव काही दूर गेले नव्हते. मागेच खाटेवर उशीला टेकून बसले होते. दिवाळीनंतर झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. एक शब्द तेवढा मागे राहिला, थांब. चहा हवा तरी थांब, नको तरी थांब. पाय दुखला, टीव्ही लावला, पाहुणा उठला, सगळ्याला थांब.

पासवर्डसाठी पोरीनं काय काय केलं नाही! आईचं नाव टाकून पाहिलं, गावाचं, कुलदैवताचं. मुळाक्षरांचा तक्ता बाबांपुढे धरला, तर ते प्रत्येक अक्षरावर मान हलवत आणि थांब म्हणत. कीबोर्ड त्यांच्या मांडीवर दिला, तर डाव्या हाताचं बोट एका बटनावर टेकलं ते उचलेचना. स्क्रीनवर टिंबांची रांग लागली. मग बाबांच्याच डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं कीबोर्ड काढून घेतला.

बाबांचे नकाशे विकत घेणारे उमरेडचे सुमंत शेठ भला माणूस. इतके दिवस कळ काढली त्यांनी. आज सकाळी मात्र फोनवर म्हणाले की माग रिकामे बसून राहिले, संध्याकाळपर्यंत नकाशे आले तर ठीक, नाही तर दुसरा माणूस बघतो. काम रुचिकाला येत होतं, बाबांच्या शेजारी बसून शिकली होती. अडलं होतं ते आत शिरण्यापाशी.

पासवर्ड मोडता येत होता. लिनक्सच्या बाजूनं बाबांच्या डिस्कवर थोडं लिहिलं की झालं. आणि डिस्क का लिहू देत नाही, ते आज तिला कळलं होतं. विंडोज बंद झालंच नव्हतं. ते झोपलं होतं, अर्धवट काम पोटात घेऊन. ते काम टाकून दिलं तरच डिस्क लिहू देणार होती. इकडे आड, तिकडे विहीर. टाकून देण्याची ओळ तिनं लिहून ठेवली होती, आता फक्त एक बटन दाबायचं होतं.

हे सारं बाबांच्या एका खोडीमुळे. कॉम्प्युटर बंद म्हणून करायचे नाहीत, तसाच झोपवायचे. सेव्ह करा, बंद करा, म्हणून रुचिकानं डोकं फोडलं होतं. बाबा हसायचे. "अर्धं कापड मागावरून उतरवते का वं कोणी? सकाळी आलं, की तिथूनच धोटा टाकायचा." झटका आला त्या दिवशीही कॉम्प्युटर झोपवूनच ते चहाला उठले होते.

ते अर्धं काम कशाचं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. आईच्या साडीचा काठ. उभा जन्म दुसऱ्यांच्या साड्या विणल्या, पण आईच्या, अनुसयेच्या, अंगावर नवऱ्याच्या हातची एक नाही. म्हणून हा काठ ते सवडीनं, जीव ओतून काढत होते. आई डोकावायला गेली की हातानं स्क्रीन झाकायचे आणि म्हणायचे, थांब, झाल्यावर दाखवतो.

आई स्वयंपाकघरातून आली. रुचिकानं तिला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

"मंग पुसून टाक."

"आई, तुह्या साडीचा काठ हाये त्यात."

"माहीत हाये मले. काठानं पोट भरते का?"

रुचिकाचा हात पुढे होईना. तिला बाबांचा राग आला आणि लगेच त्या रागाची लाज वाटली. आईनं ओले हात पदराला पुसले, खुर्चीजवळ आली.

"कोणतं दाबा लागते?"

रुचिकानं दाखवलं.

"थांब," मागून वामनराव म्हणाले.

दोघी वळल्या. ते स्क्रीनकडे पाहत होते, किंवा पंख्याकडे. झटक्यापासून त्यांची नजर कुठे आहे ते नीट समजत नसे.

"बाबा, नको पुसू?" रुचिकानं विचारलं.

"थांब."

"पुसू?"

"थांब."

आवाज तोच होता, चहाच्या वेळी असायचा तोच. रुचिका त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. तिला काही म्हणजे काही कळेना.

आई पुन्हा कॉम्प्युटरकडे वळली.

"थांबलीच तं होती जी मी," ती म्हणाली, आणि तिनं बटन दाबलं.